केचपमध्ये टोमॅटो असतो तरी किती? घरात वाद पेटलाय

विश्रामबागची_सून:
नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे पण त्यावरून आमच्या घरात गेले आठ दिवस महाभारत चाललंय म्हणून इथं टाकतेय. लेक सात वर्षांचा, दुसरीत. त्याला पोळी-केचप, थालीपीठ-केचप, धिरडं-केचप, सगळ्याला केचप लागतं. परवा तर पठ्ठ्यानं वरणभातावर घेतलं आणि सासूबाईंनी ताटच उचलून आत नेलं. त्यांचं म्हणणं असं की त्यात टोमॅटो नसतोच मुळी, नुसता लाल भोपळा आणि रंग असतो, त्यांच्या भजनी मंडळातल्या कुणीतरी म्हणे डोळ्यांनी बघितलंय. आमचे हे म्हणतात एवढ्या मोठ्या कंपन्या भोपळा विकतील होय, काहीतरीच काय. दोघंही आपापल्या जागी ठाम आणि मधे मी.

शेवटी मी चष्मा लावून बाटली घेऊन बसले. मागं मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय, आधी पाणी, मग टोमॅटो पेस्ट आणि पुढं २८ टक्के, मग साखर, मीठ, मग ॲसिडिटी रेग्युलेटर २६०, स्टॅबिलायझर १४२२ आणि ४१५, प्रिझर्व्हेटिव्ह २११, शेवटी कांदा पावडर लसूण पावडर मसाले. आता मला सांगा, २८ टक्केच टोमॅटो म्हणजे बाकीचं ७२ टक्के काय खातोय आपण? आणि हे आकडे काय एसटीचे रूट नंबर आहेत का?

दुसरं म्हणजे सध्या मंडईत टोमॅटो बारा रुपये किलोनं पडलेत. घरी करावं का? कुणी केलंय का खरंच, नुसतं व्हिडिओ बघून सांगू नका प्लीज, अनुभव असेल तर सांगा.

भडंग_एके_भडंग:
वय ३४, दोन पोरांचा बाप, अजून पोळीला केचप लावून गुंडाळी करून खातो. बायको माहेरी गेली की रात्रीचं तेच जेवण. तुमच्या चिरंजीवांना आमचा पाठिंबा. वरणभात मात्र जरा जास्त झालं हां.

जुना_फूडटेक_सातारा:
ताई, मी सहा वर्षं एका फळप्रक्रिया कारखान्यात होतो, आता ते सोडून दुसरंच करतो त्यामुळं मोकळेपणानं सांगतो.

२८ टक्के टोमॅटो असं त्यावर लिहिलेलं नाही, २८ टक्के टोमॅटो पेस्ट असं लिहिलंय. ह्या दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. साधा टोमॅटो म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, त्यात विरघळलेला ऐवज चार ते पाच टक्के. तो रस बंद भांड्यात हवा ओढून घेऊन कमी तापमानाला आटवतात आणि २८-३० टक्क्यांपर्यंत आणतात, ती पेस्ट. आम्ही रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब टाकायचो आणि उजेडाकडं धरून आकडा बघायचो, त्याला ब्रिक्स म्हणतात. म्हणजे एक किलो पेस्टला साधारण पाच-सहा किलो टोमॅटो लागतात. आता हिशोब करा. तुमच्या किलोच्या बाटलीत २८० ग्रॅम पेस्ट, म्हणजे दीड किलोच्या आसपास ताजे टोमॅटो. बाटलीच्या वजनापेक्षा जास्त! वर जे "पाणी" लिहिलंय ते पेस्ट परत सैल करायला घातलेलं असतं. त्यामुळं भोपळ्याच्या बाबतीत तुमचे मिस्टर बरोबर आहेत, निदान ह्या बाटलीपुरते.

आकड्यांचं म्हणाल तर २६० म्हणजे ॲसेटिक ॲसिड, व्हिनेगरमधलं आंबट ते हेच. ४१५ झँथन गम, साखरेच्या पाण्यावर एक जिवाणू वाढवून त्यापासून करतात, घट्टपणाला. १४२२ म्हणजे स्टार्चच, फक्त त्यावर प्रक्रिया केलेली असते म्हणजे उकळलं, आंबट घातलं तरी सुटत नाही. २११ सोडियम बेंझोएट, बुरशी येऊ नये म्हणून.

पण तुम्ही एक गोष्ट वाचून पुढं गेलात, साखर. सामान फार घातलेलं आधी आणि कमी घातलेलं नंतर असं उतरत्या वजनानं लिहायचं असतं, आणि साखर तिसऱ्या नंबरला आहे बघा. मागच्या पोषणाच्या चौकटीत १०० ग्रॅमला किती ते बघा, बहुतेक बाटल्यांवर २५ च्या आसपास किंवा वरच सापडेल. एक मोठा चमचा केचप म्हणजे पाऊण-एक चमचा साखर पोटात. लेक एका जेवणाला किती घेतो? वाटीत ओतून घेत असेल तर मोजा एकदा. टोमॅटो आहे की नाही ह्यावर घरात भांडताय आणि साखरेचं नावच नाही कुणाच्या तोंडात.

वाळव्याचा_गडी:
बारा रुपये किलो मंडईत. आमच्या हातात किती पडत्यात इचारा की.

रागावू नका ताई तुमच्यावर न्हाई. पण ऐका. एकरभर टोमॅटो लावायचा म्हंजी रोपं, मल्चिंगचा कागद, ठिबक, बांबू, तार, सुतळी, बांधणीच्या बायका, दर चार दिसाला फवारणी. मग तोडणी. मग कॅरेट, गाडीभाडं, हमाली, तोलाई. दर पडला की कॅरेटचं पैसं तोडणीच्या मजुरीला बी पुरत न्हाईत, मग माल रस्त्याकडंला ओततो आमी आन तुमी त्येचा फोटू काढून टाकता. आन २०२३ च्या जुलैत किलोला शंभर-दीडशे झाला तवा समद्या टीव्हीवर टोमॅटो, त्या वक्ताला आमच्याकडं माल न्हवता, यायरसनं बाग बसली हुती.

लोक म्हणत्यात कंपनीला घाला की, केचपला घेत्यात. घातला हुता बाबा. एका कंपनीशी करार केला, नाव न्हाई सांगत. त्यांला लागतो आतून बाहेरनं सारखा लाल, झाडावर पिकल्याला. आमी बाजारासाठी तोडतो कवडी पडली की, म्हंजी जरासा रंग धरला की लगीच, म्हंजी मुंबईला जाईस्तवर टिकतंय. दोन्हीचं येळापत्रक येगळं, जात बी येगळी. पहिल्या दोन गाड्या घेतल्या, तिसरी देठाकडं हिरवी हाय म्हणून परत. डिझेल माझं. त्या दिवशी पोरं केचप मागत हुती घरात, मी म्हटलं त्येचं नाव काढू नका.

जुना_फूडटेक_सातारा:
दादा, मी गेटच्या आतल्या बाजूला होतो त्यामुळं मान खाली घालून वाचलं. देठाकडं हिरवा असला की पेस्टचा रंग विटकरी येतो हे खरं आहे, पण गाडी परत पाठवायच्या आधी शेतावर येऊन कुणी बघितलं असतं तर ती वेळ आली नसती.

एक मात्र सांगतो, लोक विचारतात टोमॅटो एवढा पडला तरी केचप स्वस्त का होत नाही. पेस्ट हंगामात करून निर्जंतुक पिशवीत भरून मोठ्या ड्रममध्ये ठेवतात, ती महिनोन्महिने टिकते. केचप करणारे वर्षभर त्या ड्रममधून काढून करतात, त्यामुळं आज मंडईत काय दर आहे त्याच्याशी त्यांचं तेवढं देणंघेणं नसतं.

राजवाड्यावरचा_खवय्या:
भोपळ्याचं अगदीच खोटं नाहीये पण. सातारला चौपाटीवर गाड्यांवर लाल बाटल्या असतात ना, पिळायच्या, त्यात पाच लिटरच्या कॅनमधलं काय असतं विचारा. माझ्या मित्राचा चायनीजचा गाडा होता, मी स्वतः तो कॅन हातात घेऊन वाचलाय, त्यावर टोमॅटो हा शब्दच नव्हता, नुसतं "सॉस" लिहिलेलं आणि खाली भाजीचा गर, स्टार्च, रंग वगैरे. आमच्या शेजारच्या पोरीनं शाळेच्या प्रयोगाला आयोडीन टाकून बघितलं, निळंकाळं झालं लगेच. म्हणजे भेसळ. घरच्या बाटलीवर पण टाकून बघा ताई, ट्यूब पेटेल.

जुना_फूडटेक_सातारा:
थांबा थांबा. आयोडीन निळं होतं ते स्टार्चमुळं. आणि १४२२ स्टार्चच आहे, तो लेबलवर लिहून कायदेशीर घातलेला असतो. म्हणजे चांगल्या बाटलीतलं पण निळं होईल आणि उगीच घरात पुन्हा भांडण. त्या प्रयोगानं भोपळा सापडत नाही.

त्यापेक्षा नाव वाचा. बाटलीवर "टोमॅटो केचप" किंवा "टोमॅटो सॉस" असं लिहायचं असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, नियम आहे, मीठ सोडून विरघळलेला ऐवज किमान २५ टक्के पाहिजे आणि आम्लता किमान १ टक्का. (त्या २५ मध्ये साखर पण धरतात हा भाग वेगळा, शहाण्याला शब्दाचा मार.) नुसतं "सॉस" किंवा आणखी काही इंग्रजी नाव असेल तर आत भोपळा असू शकतो. आणि भोपळा काही विष नाही हो, घारगे करून खातोच की आपण, प्रश्न त्याच्याबरोबर घातलेल्या रंगाचा आणि फसवणुकीचा आहे.

रंगाचं घरी बघायचंच असेल तर चमचाभर सॉस ग्लासभर पाण्यात सोडा. टोमॅटोचा लाल रंग, लायकोपिन, पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणूनच टोमॅटोच्या रश्शाचा प्लॅस्टिकचा डबा कितीही घासा, लालसर राहतो. ग्लासात गर खाली बसला आणि वरचं पाणी सरबतासारखं लालभडक झालं तर संशय घ्यायला जागा आहे. पक्कं सांगायला प्रयोगशाळाच लागते पण.

विश्रामबागची_सून:
बाप रे एवढे रिप्लाय. दादा तुमचं वाचून खरंच वाईट वाटलं, बारा रुपये लिहिताना मला आनंदच झाला होता.

साखर बघितली. २७ ग्रॅम आहे. मग लेकानं संध्याकाळी थालीपिठाबरोबर जेवढं घेतलं तेवढं दुसऱ्या वाटीत घेऊन वजन केलं, आमच्याकडं केकसाठी घेतलेला काटा आहे, ४२ ग्रॅम. म्हणजे अकरा ग्रॅम साखर नुसत्या तोंडीलावण्यात. सासूबाईंना सांगितलं भोपळा नाही पण साखर आहे, तर म्हणाल्या "बघ, काहीतरी होतंच ना." म्हणजे त्याच जिंकल्या.

ढवळीकर_जाड_पोहे:
मला केचप आवडतं की नाही हा प्रश्नच नाही, प्रश्न हा आहे की ते भेळेत का घालतात. सांगलीत भेळ म्हणजे चिंचगुळाचं पाणी, हिरवी मिरची, कांदा, वरून शेव, संपलं. मागच्या महिन्यात एका नवीन चकचकीत दुकानात (नाव नको) भेळ घेतली तर त्यानं माझ्यादेखत त्यात पिळलं. मी म्हटलं हे काय, तर म्हणतो सर टँगी टेस्ट येते. अरे चिंच काय शोभेला आहे का? चिंच असताना ज्याला आंबटगोडासाठी बाटली लागते त्यानं भेळेच्या वाटेला जाऊच नये. सामोशाबरोबर चालेल, कटलेटबरोबर चालेल, ब्रेडच्या पकोड्याला तर पाहिजेच. पण पोहे? उपमा? पोह्यावर लिंबू पिळायचं सोडून केचप ओतणारे लोक आमच्या ऑफिसात आहेत आणि मी त्यांच्याबरोबर डबा खात नाही.

भडंग_एके_भडंग:
उपम्याबरोबर केचप एकदम भारी लागतं, तुम्ही आमच्या टेबलावर नकाच बसू 😄

कागदी_किडा:
केचप ही मुळात टोमॅटोची वस्तूच नव्हती हे कुणी सांगितलं नाही अजून. शब्द दक्षिण चीनमधल्या होक्कीएन बोलीतला मानतात, के-त्स्याप की काहीसा, म्हणजे खारवलेल्या माशांचं पाणी. इंग्रज त्या भागात व्यापाराला गेले, चव घेऊन आले, आणि घरी मासळीचं जमेना म्हणून मशरूमचं, अक्रोडाचं, कशाकशाचं केचप करायला लागले. टोमॅटोचं केचप छापील पाककृतीत आलं ते १८१२ मध्ये अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या जेम्स मीझनं लिहिली. हाइन्झ कंपनीचं केचप १८७६ चं.

आणि हा २११ नंबर, म्हणजे बेंझोएट, त्याचा वाद अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वीच घालून झालाय. तिथले सरकारी रसायनतज्ज्ञ हार्वी वायली बेंझोएटच्या हात धुऊन मागं लागले होते, १९०६ ला शुद्ध अन्नाचा कायदा आला, बाकीचे उत्पादक म्हणत होते बेंझोएटशिवाय केचप टिकणारच नाही. हाइन्झनं बेंझोएट काढलं आणि त्याऐवजी काय केलं? पूर्ण पिकलेले टोमॅटो घेतले आणि साखर आणि व्हिनेगर वाढवलं. म्हणजे आज आपण ज्या साखरेला शिव्या घालतोय ती प्रिझर्व्हेटिव्ह काढायच्या नादात वाढलीय. एक दार लावलं की दुसरं उघडतं.

राजवाड्यावरचा_खवय्या:
आमच्या लहानपणी ती जावेद जाफरी आणि पंकज कपूरची जाहिरात लागायची, मॅगी हॉट अँड स्वीट, "इट्स डिफरंट". वडील ती बघून एकदा बाटली घेऊन आले होते, सहा महिने पुरवली. पाहुणे आले की बाहेर निघायची आणि गेले की कपाटात.

मिरजेच्या_काकू:
घरी करायचं विचारलंय त्यावर कुणीच बोलेना म्हणून लिहिते. वय ६१. १९८८ ला आमच्या महिला मंडळात फळं टिकवण्याचा दहा दिवसांचा वर्ग झाला होता, त्याची वही अजून आहे, केचपच्या पानावर केचपचाच डाग आहे. तेव्हापासून वर्षाआड करते.

टोमॅटो लालबुंद आणि घट्ट घे, पिचके नको, देठाकडचा हिरवा भाग चाकूनं काढ. चिरलेस की लगेच पातेल्यात उकळायला टाक, पाणी अजिबात घालू नकोस, मऊ झाले की पुरणयंत्रातनं किंवा चाळणीतनं काढ म्हणजे साल आणि बी वर राहतं. रस मोजून घे. वहीत एक किलो रसाला ७५ ग्रॅम साखर, १० ग्रॅम मीठ, ५० ग्रॅम कांदा, १० आलं, ५ लसूण, ५ ग्रॅम तिखट असं आहे. कांदा आलं लसूण ठेचून, आणि दालचिनी, मिरे, जिरे, वेलदोडा, बडीशेप आणि पाच लवंगा हे जाडसर कुटून, सगळ्याची मलमलच्या फडक्यात सैल पुरचुंडी बांधायची. वहीत मसाला प्रत्येकी १० ग्रॅम दिलाय पण मी निम्मा घालते, नाहीतर काढ्यासारखं लागतं. तिखट बेडगी घे, रंग येतो, ठसका येत नाही.

रस उकळायला लागला की साखरेचा तिसरा हिस्साच आधी घालायचा, बाकीची रस आटत आल्यावर. पुरचुंडी आत सोडायची आणि मधनं मधनं पळीनं दाबायची. रस तिसरा हिस्सा उरेपर्यंत आटवायचा. खोल पातेलं घे आणि लांब दांड्याचा उलथणा, कारण शेवटी शेवटी तो ज्वालामुखीसारखा उडतो आणि हात भाजतो, माझ्या मनगटावर अजून खूण आहे. मीठ शेवटी. व्हिनेगर अगदी शेवटी, किलोला २५ मिली, आधी घातलंस तर वाफेबरोबर उडून जातं. झालं का ते बघायला बशीत एक थेंब टाकायचा, थेंबाभोवती पाण्याचं रिंगण सुटलं तर अजून आटव.

बाटल्या उकळून कोरड्या कर आणि गरमागरमच गळ्यापर्यंत भर, मग झाकण लावून बाटल्या अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेव. बेंझोएट मी घालत नाही, फ्रिजमध्ये ठेवते.

आणि एक, लवंगांची डोकी काढून टाक. वरचा तो गोल मणी असतो ना, तो मोडून नुसती काडी घ्यायची. आमच्या बाईंनी वर्गात हे तीनदा सांगितलं होतं. कंटाळा करू नकोस.

विश्रामबागची_सून:
काकू किती छान सांगितलंत. येत्या रविवारी करते.

वाळव्याचा_गडी:
ताई पाच-धा किलो करणार असला तर मंडईतनं नका घेऊ. आष्ट्याच्या रोडला सकाळी शेतकरी बसत्यात, लाल झाल्याला माल त्यांच्याकडंच असतो, बाजारात त्येला कोन घेत न्हाई. पैशे थेट हातात द्या.

विश्रामबागची_सून:
केलं!! रिपोर्ट देते.

आष्ट्याच्या रोडवरूनच आणले, पाच किलो, एकदम लाल. आजोबांनी पाव किलो वर टाकले. रविवारी पाहुणे येणार होते म्हणून मी शनिवारी रात्रीच टोमॅटो मिक्सरमधून फिरवून कच्चा रस फ्रिजमध्ये ठेवला आणि सकाळी उकळायला घेतला. अडीच तास गॅस. ओट्यामागच्या टाइल्सवर आणि खिडकीच्या जाळीवर सगळीकडं लाल शिंतोडे. आणि एवढं करून निघालं किती, तर दीड बाटली. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यासाठी एवढा पसारा?" पण बशीतला थेंब मात्र पाणी सोडायचं थांबेना, आटव आटव आटवलं, रंग काळपट व्हायला लागला म्हणून बंद केलं. पातळच राहिलंय जरा. माझं काय चुकलं?

चव मात्र झकास. सासूबाईंनी थालीपिठाबरोबर दोनदा घेतलं. यांनी "चटणी छान झालीय" असं म्हणून माझ्या अडीच तासांवर पाणी ओतलं. लेकानं बोट बुडवलं, चाटलं आणि म्हणाला, "आई ही भाजी आहे."

जुना_फूडटेक_सातारा:
चूक सापडली. रात्रभर कच्चा रस ठेवलात ना, तिथंच घोळ झाला. टोमॅटो कुस्करला की त्यातलीच एन्झाइम्स पेक्टिन तोडायला लागतात, आणि घट्टपणा पेक्टिनचा. कारखान्यात म्हणूनच कुस्करल्या कुस्करल्या क्षणात ९० डिग्रीच्या आसपास नेतात, हॉट ब्रेक म्हणतात त्याला, म्हणजे एन्झाइम तिथंच मरतं. काकू "चिरलेस की लगेच उकळायला टाक" म्हणाल्या होत्या ते उगीच नव्हतं. त्यांच्या वहीत कारण नसेल लिहिलेलं पण पद्धत बरोबर आहे.

बाटलीतलं केचप घट्ट दिसतं पण हलवलं की भस्सकन बाहेर येतं, ती पेक्टिनची आणि गमची करामत आहे, जोर लावला की सैल होतं आणि सोडलं की परत धरतं. घरच्याला ते जमवायचं असेल तर पुढच्या वेळी रात्री काही करू नका.

आणि लेकाला भाजी वाटणारच, त्याच्या बाटलीत २७ ग्रॅम साखर होती. काकूंचं प्रमाण किलोभर रसाला ७५ ग्रॅम, आटल्यावर धरलं तरी जेमतेम २०-२२ च्या घरात, वर मसाला आणि फिकं व्हिनेगर.

मिरजेच्या_काकू:
कारण नव्हतं लिहिलेलं. आता लिहून ठेवते त्या पानावर.

ढवळीकर_जाड_पोहे:
भाजी म्हणाला तर भाजीच म्हणून द्या की, पोळीबरोबर. काम झालं.

विश्रामबागची_सून:
पुन्हा आले, दोन महिन्यांनी. अर्धी बाटली तर आठवड्यात संपली, थालीपिठाबरोबर आम्ही मोठ्यांनीच संपवली. लेक विकतचंच खातो पण आता वाटी बंद, एक चमचा ताटात आणि तोच पुरवायचा असं ठरलंय, रोज त्यावरून वाटाघाटी.

दुसरी बाटली फ्रिजमध्ये मागं ठेवली होती, आज उघडली तर वरचा बोटभर भाग गळ्यापाशी काळा पडलाय. खालचं मस्त लाल. जॅमची जुनी बाटली होती, पत्र्याच्या झाकणाची. टाकून देऊ का? जीव तुटतोय.

मिरजेच्या_काकू:
आधी सांग, वर लोकर आल्यासारखं आहे का? आंबूस वास, फसफस, झाकण फुगलेलं? यातलं काहीही असेल तर सगळी बाटली टाक, वरचं काढून खालचं खायचं असला कंजूषपणा करायचा नाही.

विश्रामबागची_सून:
नाही, लोकर नाही, वास चांगला आहे, फुगलेलं पण नाही. नुसता काळसर रंग, वरच्या वर, झाकणाच्या बाजूनं.

जुना_फूडटेक_सातारा:
ह्याला आमच्याकडं ब्लॅक नेक म्हणायचे. झाकणाचं नाहीतर भांड्याचं लोखंड, मसाल्यातलं टॅनिन म्हणजे तुरट द्रव्य, आणि बाटलीच्या गळ्यात अडकलेली हवा, तिघं एकत्र आले की काळं होतं. शाई पूर्वी साधारण अशीच करायचे. बाटली गळ्यापर्यंत भरली होती का, की वर जागा सोडली?

विश्रामबागची_सून:
दोन बोटं जागा होती. केचपच तेवढं होतं.

मिरजेच्या_काकू:
आणि लवंगांची डोकी काढली होतीस का?

विश्रामबागची_सून:
काकू, वीस लवंगा होत्या. बारा-तेरांची काढली, तेवढ्यात पाहुण्यांनी बेल वाजवली.